वलयात फ्लोरिन, आणि श्रेय पॅलेडियमला? ३-फ्लोरोपिपेरिडिनचे एक प्रकरण

सहा जागांच्या पिपेरिडिन वलयात नायट्रोजनच्या शेजारचा कार्बन सोडून त्यापुढच्या कार्बनवर नेमका एक फ्लोरिन बसवायचा, ही मागणी कागदावर किरकोळ दिसते. प्रत्यक्षात तिच्यामुळे सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञांना दीर्घकाळ आडवाटेने जावे लागले. २००९ साली शांघाय इन्स्टिट्यूट ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री येथील ग्वोशेंग लिऊ यांच्या गटाने या मागणीला पॅलेडियमच्या साह्याने थेट उत्तर दिले. सरळ साखळीतील सल्फोनामाइड (सल्फर-ऑक्सिजन गट जोडलेला नायट्रोजन) आणि साखळीच्या टोकाचा दुहेरी बंध यांपासून एकाच भांड्यात वलयही तयार होते आणि फ्लोरिनही बसतो, असे त्यांनी जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटीमधून दाखवले. ही अभिक्रिया उपयुक्त आहे, यात वाद नाही. प्रस्तुत अभ्यासात मात्र अधिक लक्ष तिच्या उपयुक्ततेपेक्षा दुसऱ्या एका प्रश्नाकडे दिले आहे. भांड्यात पॅलेडियम आहे आणि उत्पादन मिळते, एवढ्यावरून ते वलय पॅलेडियमनेच घडवले असे म्हणता येते का, आणि म्हणायचे असेल तर कोणत्या पुराव्याच्या जोरावर?

प्रथम या वलयाची गरज पाहू. अमेरिकेत मान्यता मिळालेल्या औषधांमधील नायट्रोजनयुक्त वलये मोजली असता पिपेरिडिन सर्वांत अधिक वेळा आढळते. त्याचा नायट्रोजन चांगलाच आम्लारिधर्मी असल्याने शरीरातील सामूला तो बहुतांशी प्रोटॉन धरून, म्हणजे धनभारित अवस्थेत असतो, आणि धनभारित रेणूला पेशीच्या आवरणातून आत शिरणे जड जाते. नायट्रोजनपासून दोन बंधांवरच्या कार्बनवर फ्लोरिन बसवला की तो इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतो आणि संयुग्मी आम्लाचा पीकेए (प्रोटॉन किती घट्ट धरला आहे याचे माप) साधारण दीड ते दोन एककांनी खाली येतो. रेणूचा आकार मात्र फारसा बदलत नाही, कारण फ्लोरिनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या १.४७ अँगस्ट्रॉम आहे आणि हायड्रोजनची १.२०. मर्क कंपनीच्या एमके-०७३१ या कर्करोगविरोधी संशोधन-रेणूत ३-फ्लोरोपिपेरिडिन आणण्यामागे नेमका हाच हिशेब होता. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पेशींचा पंप औषध पुन्हा बाहेर फेकत होता, आणि नायट्रोजनची आम्लारिता उतरवल्याने ती अडचण दूर झाली. शिवाय प्रोटॉन धरलेल्या ३-फ्लोरोपिपेरिडिनमध्ये फ्लोरिन अक्षीय स्थिती, म्हणजे वलयाच्या प्रतलाला उभी जागा, पसंत करतो. एरवी वलयावरचा गट अक्षीय जागा टाळतो, परंतु येथे धनभारित नायट्रोजन आणि कार्बन-फ्लोरिन बंधाचा द्विध्रुव यांच्यातील आकर्षण वरचढ ठरते. औषध-रचनाकाराला त्यामुळे वलयाचा आकारही थोडाफार हाताशी धरता येतो.

हे वलय बनवण्याची जुनी पद्धत हायड्रॉक्सिल गटाच्या जागी फ्लोरिन आणण्याची होती, आणि त्यासाठी प्रयोगशाळांमध्ये डास्ट हे फ्लोरिन पुरवणारे द्रव वापरले जाई. ते तापवण्यात धोका असतो, कारण सुमारे ९० अंश सेल्सिअसच्या वर त्याचे विघटन स्फोटक रूप घेऊ शकते. रसायनाच्या दृष्टीने त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. हायड्रॉक्सिल गट निघून जाताना शेजारचा नायट्रोजन मध्ये घुसतो, तीन जागांचे ॲझिरिडिनियम वलय क्षणभर तयार होते आणि फ्लोराइड त्याच्या दोन कार्बनांपैकी कोणत्याही एकावर हल्ला करू शकतो. परिणामी प्रोलिनॉलसारख्या पाच जागांच्या वलयापासून सुरुवात केली तरी पाच जागांचे फ्लोरोमिथाइल पायरोलिडिन आणि सहा जागांचे ३-फ्लोरोपिपेरिडिन यांचे मिश्रण हाती येते. या तीन जागांच्या मध्यस्थाला वाचकाने लक्षात ठेवावे, कारण तो पुढे पुन्हा दारात उभा राहणार आहे.

पॅलेडियमचा विचार या कामासाठी उशिरा झाला, त्यालाही सबळ कारण होते. पॅलेडियमवर कार्बन आणि फ्लोरिन शेजारी बसवले तरी ते एकमेकांना जोडले जात नाहीत, असा अनुभव होता. फॉस्फिन लिगंड (धातूला बांधलेला फॉस्फरसयुक्त रेणू) असलेल्या पॅलेडियम-दोन, म्हणजे +२ ऑक्सिडीकरण अवस्थेतील पॅलेडियमच्या, फ्लोराइड संकुलांवर व्लादिमीर ग्रुशिन यांनी सविस्तर काम केले. तेथे फ्लोरिन कार्बनकडे जाण्याऐवजी फॉस्फरसला चिकटण्याची प्रवृत्तीच ठळकपणे दिसली. कोंडी दोन दिशांनी फुटली. २००६ मध्ये मिशिगन विद्यापीठातील मेलनी सॅनफर्ड यांच्या गटाने पॅलेडियमच्या साह्याने कार्बन-हायड्रोजन बंधाच्या जागी फ्लोरिन आणून दाखवला, आणि २००८ मध्ये हार्वर्डमधील टोबियस रिटर यांच्या गटाने उच्च ऑक्सिडीकरण अवस्थेतील पॅलेडियम फ्लोराइडमधून कार्बन-फ्लोरिन बंध सुटून बाहेर पडताना प्रत्यक्ष पाहिला. एमआयटीमधील स्टीव्हन बुकवाल्ड यांनी २००९ मध्ये अतिशय अवजड फॉस्फिन वापरून पॅलेडियम-दोनवरूनही सुगंधी फ्लोराइड मिळवले, पण तो मार्ग आपल्या प्रकरणाचा नाही. आपल्या कामाचा धडा असा होता, की पॅलेडियमला चौथ्या अवस्थेपर्यंत ढकलले, तर तो कार्बन आणि फ्लोरिन दोघांनाही सोडून पुन्हा दुसऱ्या अवस्थेत येण्यास उतावीळ असतो, आणि सोडताना त्या दोघांना एकमेकांशी जोडून देतो.

लिऊ यांच्या गटाने वापरलेल्या परिस्थिती अशा होत्या: पॅलेडियम ॲसिटेट १० मोल टक्के, सिल्व्हर फ्लोराइड ५ सममूल्य (म्हणजे मूळ साखळीच्या रेणूंच्या पाचपट), त्रिसंयुजी आयोडीनचे डायपिव्हॅलेट संयुग २ सममूल्य, निर्जल मॅग्नेशियम सल्फेट २ सममूल्य, विद्रावक ॲसिटोनायट्राइल आणि तापमान खोलीचे. यातल्या प्रत्येक पदार्थाचे काम वेगळे आहे. आयोडीनचे संयुग ऑक्सिडीकारक आहे. त्यावर ॲसिटेटऐवजी पिव्हॅलेट का, तर ऑक्सिडीकरणानंतर मोकळा होणारा कार्बोक्सिलेट स्वतःच फ्लोराइडच्या जागी कार्बनवर जाऊन बसण्याचा धोका असतो, आणि पिव्हॅलेट अवजड असल्याने तो धोका कमी होतो. ही भीती काल्पनिक नव्हती. प्रिन्स्टनमधील एरिक सोरेन्सन यांच्या गटाने २००५ मध्ये जवळजवळ अशाच साखळ्यांवर पॅलेडियम ॲसिटेट आणि आयोडीनचा डायॲसिटेट वापरून वलयीकरण केले होते, आणि तेथे फ्लोरिनच्या जागी ॲसिटॉक्सी गट बसवणे हेच उद्दिष्ट होते. मॅग्नेशियम सल्फेट पाणी शोषतो. पाण्याची बाधा दुहेरी आहे, कारण फ्लोराइड पाण्याशी हायड्रोजन-बंधाने बांधला गेला की त्याची आक्रमकता लोप पावते, आणि पाणी स्वतःही ऑक्सिजनच्या बाजूने हल्ला करू शकते. सिल्व्हर फ्लोराइड हवेतील ओलावा झपाट्याने पितो आणि प्रकाशात काळवंडतो. जुलै महिन्यात कोकणपट्टीतल्या किंवा मुंबईतल्या प्रयोगशाळेत तो उघड्या तराजूवर तोलणाऱ्या विद्यार्थ्याला मॅग्नेशियम सल्फेटचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

आता थोडे वजनकाट्याकडे वळू, कारण अशा शोधनिबंधांत सममूल्याची भाषा फार सोज्वळ वाटते. उदाहरणादाखल दोन फिनाइल गट असलेला पेंटेनाइल टोसिलामाइड (टोसिल गट असलेला सल्फोनामाइड) घेऊ. त्याचे एक मिलिमोल म्हणजे सुमारे ३९२ मिलिग्रॅम. त्यासाठी सिल्व्हर फ्लोराइड ६३४ मिलिग्रॅम, आयोडीनचे संयुग ८१३ मिलिग्रॅम आणि पॅलेडियम ॲसिटेट सुमारे २२ मिलिग्रॅम लागते. शंभर टक्के उत्पादन मिळाले असे मानले तरी हाती येणारे वलय ४१० मिलिग्रॅम, आणि त्यातील फ्लोरिनचे वजन अवघे १९ मिलिग्रॅम. एवढ्या फ्लोरिनसाठी सुमारे ५४० मिलिग्रॅम चांदी कचऱ्याच्या बाटलीत जाते आणि जोडीला ४०८ मिलिग्रॅम आयोडोबेंझिन. नव्या बंधाचा शोध घेताना हा खर्च क्षम्य आहे. कारखान्यात मात्र एवढ्या चांदीकडे पाहून कोणीही पुढे जाणार नाही, हेही नमूद करणे भाग आहे.

साखळीवरच्या त्या दोन फिनाइल किंवा दोन मिथाइल गटांविषयीही स्पष्ट बोलायला हवे. एकाच कार्बनवर दोन गट असले की साखळी आपोआप वाकते, टोके जवळ येतात आणि वलय लवकर मिटते. थॉर्प आणि इंगोल्ड यांनी १९१५ सालीच या परिणामाकडे लक्ष वेधले होते. पॅलेडियमच्या वलयीकरणाच्या तक्त्यांत अशा साखळ्या वारंवार भेटतात आणि त्यांच्यावर मिळालेले उत्पादन पाहून वाचक भारावतो. औषधासाठी हवे असलेले वलय मात्र बहुधा असे दोन गट मागत नाही. त्यामुळे तक्त्यातील पहिल्या ओळीपेक्षा, ज्या ओळीत साखळी बोडकी आहे तिच्याकडे आधी पाहावे, अशी सवय मी लावून घेतली आहे.

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे. नायट्रोजन दुहेरी बंधाच्या दोन कार्बनांपैकी आतल्या कार्बनला जोडला गेला तर पाच जागांचे वलय होते आणि फ्लोरिन वलयाबाहेरच्या मिथाइल गटावर बसतो. याला ५-एक्झो म्हणतात. टोकाच्या कार्बनला जोडला गेला तर सहा जागांचे वलय होते आणि फ्लोरिन वलयातच बसतो. हा ६-एंडो मार्ग. वलय कोणत्या मार्गाने मिटेल याविषयीचे जॅक बाल्डविन यांचे १९७६ चे नियम येथे निवाडा देत नाहीत, कारण त्यांच्या मते दोन्ही मार्ग अनुकूल आहेत. नायट्रोजनसारखा केंद्रकस्नेही (इलेक्ट्रॉन देऊन जोडला जाणारा) गट पॅलेडियमने सक्रिय केलेल्या दुहेरी बंधावर हल्ला करतो, तेव्हा बहुधा तो आतल्या, अधिक धनभार सोसणाऱ्या कार्बनकडे जातो, म्हणजे पाच जागांच्या वलयाची अपेक्षा असते. शांघायच्या अभिक्रियेत मात्र ठळक निवडीने सहा जागांचे वलय मिळाले. वलय कोणते हे ओळखणे कठीण नाही. फ्लोरिनच्या एनएमआर (चुंबकीय अनुनाद) वर्णपटात मिथाइलवरचा फ्लोरिन साधारण उणे २२० पीपीएमच्या परिसरात दिसतो, तर वलयातील कार्बनवरचा फ्लोरिन उणे १८० च्या आसपास, आणि त्याच कार्बनवरच्या हायड्रोजनशी त्याचे युग्मन ४८ हर्ट्झच्या घरात असते. त्यामुळे काय तयार झाले याबद्दल शंका राहत नाही. ते कसे तयार झाले, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

लेखकांनी मांडलेली वाट अशी: पॅलेडियम-दोन दुहेरी बंध धरतो, सल्फोनामाइडचा नायट्रोजन हल्ला करून वलय मिटवतो, पॅलेडियम कार्बनवर बसतो, आयोडीन-संयुग आणि सिल्व्हर फ्लोराइड त्याला पॅलेडियम-चार फ्लोराइड बनवतात आणि शेवटी रिडक्टिव्ह एलिमिनेशनने, म्हणजे धातूने दोघांना सोडताना जोडून देण्याच्या पायरीने, कार्बन-फ्लोरिन बंध होतो. प्राथमिक यंत्रणा-अभ्यास याच दिशेने बोट दाखवतात, असे त्यांचे म्हणणे होते. या वाटेवर एक शर्यत सतत चालू असते. पॅलेडियम कार्बनवर बसल्यावर शेजारचा हायड्रोजन काढून घेऊन पुन्हा दुहेरी बंध करण्याची त्याला सवय आहे, आणि ते टाळायचे तर ऑक्सिडीकरण त्याआधी उरकले पाहिजे. खोलीच्या तापमानाला आणि बलवान ऑक्सिडीकारकाच्या उपस्थितीत ही शर्यत जिंकता येते, हे या कामाचे खरे कौशल्य.

तीन-चार वर्षांतच परिस्थिती गुंतागुंतीची झाली. २०१२ मध्ये चीनमधील दुसऱ्या एका गटाने तोच आयोडीन डायपिव्हॅलेट आणि हायड्रोजन फ्लोराइड-पिरिडिन यांच्या जोडीने, कोणताही धातू न घालता, अशाच साखळ्यांचे अमिनोफ्लोरिनेशन घडवले. २०१३ मध्ये झुरिक विद्यापीठातील क्रिस्तिना नेव्हादो यांच्या गटाने कायरल (आरशातल्या प्रतिमेवर न जुळणारे) आयोडीन-संयुग वापरून धातूविना तीच ६-एंडो निवड आणि वर एका प्रतिबिंबी रूपाचे प्राबल्यही मिळवले. म्हणजे भांड्यातील ऑक्सिडीकारक हाच दुहेरी बंधाला सक्रिय करण्यास पुरेसा ठरू शकतो. मग २००९ च्या भांड्यात पॅलेडियम नेमके काय करत होते? ते वलय मिटवत होते, की आयोडीनला केवळ मदतीचा हात देत होते? सिल्व्हर फ्लोराइड आणि हायड्रोजन फ्लोराइड-पिरिडिन हे फ्लोराइडचे स्रोत स्वभावाने फार वेगळे आहेत, एक जवळजवळ उदासीन आणि दुसरा तीव्र आम्लधर्मी. त्यामुळे एका परिस्थितीतील निष्कर्ष दुसरीवर लादणे चुकीचे होईल. तरीही धातूविना होणारी ही जुळी अभिक्रिया डोळ्यांसमोर असताना पॅलेडियमला श्रेय देण्याआधी पुरावा मागणे रास्त आहे.

असा पुरावा मागताना रसायनशास्त्रज्ञाचा हात सर्वप्रथम ड्युटेरियमकडे, म्हणजे जड हायड्रोजनकडे, जातो. दुहेरी बंधाच्या टोकावर एका निश्चित बाजूस ड्युटेरियम ठेवला, तर नायट्रोजन आणि फ्लोरिन बंधाच्या एकाच बाजूने आले की विरुद्ध बाजूंनी, हे उत्पादनात वाचता येते. आयोडीनच्या मार्गात नायट्रोजन आयोडीनच्या विरुद्ध बाजूने येतो आणि मग फ्लोराइड आयोडीनला पाठीमागून हुसकावतो, म्हणजे अखेरीस दोघे एकाच बाजूला दिसतात. पॅलेडियमच्या मार्गात नायट्रोजन पॅलेडियमच्या विरुद्ध बाजूने आला आणि फ्लोरिनने पॅलेडियमची जागा त्याच बाजूने घेतली, तर दोघे विरुद्ध बाजूंना दिसतात. येथवर कसोटी चोख वाटते. परंतु पॅलेडियम-चारलाही फ्लोराइड पाठीमागून हुसकावू शकतो, आणि मग उत्तर आयोडीनसारखेच येते. दुसरी अडचण अधिक लबाड आहे. समजा, पॅलेडियमने आधी पाच जागांचेच वलय केले, मग नायट्रोजनने पॅलेडियमला हुसकावून ते तीन जागांचे ॲझिरिडिनियम बनवले आणि फ्लोराइडने ते आतल्या कार्बनवर उघडले. पायऱ्या मोजल्या तर या वाटेनेही नायट्रोजन आणि फ्लोरिन विरुद्ध बाजूंनाच येतात, म्हणजे सरळ ६-एंडो वाट आणि ही आडवाट ड्युटेरियमच्या नजरेला सारखीच दिसते. टोसिल गट नायट्रोजनची इलेक्ट्रॉन देण्याची क्षमता बरीच खेचून घेत असल्याने सल्फोनामाइडकडून ॲझिरिडिनियम होणे अवघड आहे, एवढा युक्तिवाद सरळ वाटेच्या बाजूने करता येतो. तो मला पटतो, पण युक्तिवाद आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढचा टप्पा लिऊ यांच्याच गटाकडून आला. २०१८ मध्ये त्यांनी पिरिडिन आणि ऑक्साझोलिन जोडलेले कायरल लिगंड वापरून अशाच साखळ्यांचे ६-एंडो अमिनोॲसिटॉक्सिलेशन केले. त्यात पिरिडिन वलयावर, नायट्रोजनच्या शेजारच्या कार्बनवर, एक अवजड गट बसवला होता, आणि त्या अवजडपणाचा सहा जागांच्या वलयाच्या निवडीशी थेट संबंध होता. २०२० मध्ये त्याच विचाराने अमिनोफ्लोरिनेशन साधले. या वेळी सिल्व्हर फ्लोराइडला रजा मिळाली आणि टेट्राइथाइलअमोनियम फ्लोराइडचे हायड्रोजन फ्लोराइडशी बांधलेले रूप वापरले गेले. चांदीचा खर्च संपला, बदल्यात काचेची काळजी आली, कारण असे क्षार काच खातात आणि प्लास्टिकच्या किंवा टेफ्लॉनच्या कुपीत काम करणे शहाणपणाचे असते.

या निकालाचे वजन नीट तोलले पाहिजे. लिगंड पॅलेडियमला बांधलेला आहे, आयोडीनला नाही. तो बदलल्याने एका प्रतिबिंबी रूपाचे स्पष्ट प्राबल्य मिळते, म्हणजे ज्या पायरीत रेणूचा डावा-उजवा ठरतो त्या पायरीत पॅलेडियम हजर आहे. केवळ आयोडीनच्या मार्गाने उत्पादन होत असते, तर दोन्ही प्रतिबिंबे समसमान मिळाली असती आणि लिगंडचे सारे कष्ट वाया गेले असते. येथे आणखी एक बारकावा आहे, ज्याकडे घाईत दुर्लक्ष होते. या सहा जागांच्या वलयात टोकाच्या कार्बनवर दोन हायड्रोजन असतात, त्यामुळे तो कायरल केंद्र नसतो. अभिक्रियेत नव्याने जन्मणारे एकमेव कायरल केंद्र म्हणजे तोच कार्बन, ज्यावर आधी पॅलेडियम आणि नंतर फ्लोरिन बसतो. पॅलेडियम निघून फ्लोरिन येईपर्यंत तो कार्बन जर मोकळा धनायन होऊन सपाट झाला असता, तर कमावलेली कायरलता तेथेच सांडली असती. ती टिकते, याचा अर्थ कार्बन-फ्लोरिन बंध शिस्तीत घडतो. एकतर फ्लोरिन पॅलेडियमच्याच बाजूने येतो, किंवा नेमका पाठीमागून.

२००९ च्या सिल्व्हर फ्लोराइडच्या भांड्यावर हा निष्कर्ष उलट दिशेने चढवणे मी टाळतो, कारण त्यात हा लिगंड नव्हता आणि फ्लोराइडही दुसरा होता. त्या भांड्यात पॅलेडियमने वलय मिटवले हे मला अधिक संभाव्य वाटते, पण ती माझी नोंद आहे, सिद्धता नाही. २०२० च्या अभिक्रियेत उरलेल्या दोन शक्यतांपैकी खरी कोणती, हे उत्पादनाच्या निरपेक्ष विन्यासावरून, म्हणजे दोन प्रतिबिंबांपैकी नेमके कोणते मिळाले यावरून, वाचता येईल, मात्र पॅलेडियम दुहेरी बंधाच्या कोणत्या चेहऱ्यावर बसला होता हे स्वतंत्रपणे ठाऊक असले तरच.